शेजारणीचं मत

प्रत्येक निवडणुकीला दादाचा साताऱ्याहून फोन येतो. "तुमच्याकडचा मतदार माणूस बघून मत देतो गं. आपल्याकडे जन्मतःच हातात झेंडा." मी अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्यातल्या बेथलहेमला राहते. मला हे पटत नाही.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२४ साली ४३ टक्के अमेरिकन लोक 'आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही' म्हणाले. पण 'त्यातल्या त्यात कुणाकडे कल?' असं विचारलं की बहुतेक जण एक बाजू सांगतात आणि मतही सहसा तिलाच देतात. खरोखर मोकळे उरतात दहातला एखादा.

तशी एक बाई माझ्या शेजारी राहते. वडील बेथलहेम स्टील या पोलाद कारखान्यात होते. इथल्या भट्ट्या १९९५ मध्ये विझल्या. तिनं २०१२ ला ओबामा, मग ट्रम्प, मग बायडन आणि २०२४ ला पुन्हा ट्रम्प यांना मत दिलं. आमची नॉर्थॅम्प्टन काउंटी, म्हणजे आमचा जिल्हाही चारही वेळा अशीच वळली. टीव्हीवरचा एकही वादविवाद तिनं पाहिला नव्हता. फ्रिजवर लावलेली किराण्याची दोन बिलं तिनं माझ्यासमोर धरली, चार वर्षांपूर्वीचं आणि त्या आठवड्यातलं. सामान तेच. दादा म्हणतो तसा उमेदवाराचा अभ्यास यात नाही, पण हे मत उथळही नाही. ती स्वतःच्या घरातून देश बघते.

आणि दादा, झेंड्याचं म्हणशील तर महाराष्ट्रानं २०२४ च्या लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि सहाच महिन्यांत विधानसभेला महायुतीला २३० च्या वर नेलं. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं. पसंतीचं कुणी यादीतच नसेल तर माणसानं करायचं काय?

माझा राग इथेच आहे. शेजारीण नोंदणीच्या अर्जावर पक्ष लिहीत नाही, म्हणून उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत तिला मत नाही. राज्यात असे दहा लाखांहून जास्त मतदार आहेत. त्या फेरीचा खर्च त्यांच्याही करातून होतो. नोव्हेंबर आला की मात्र प्रचाराची माणसं तिचंच दार वाजवतात, कारण २०१६ मध्ये हे राज्य जेमतेम ४४ हजार मतांनी फिरलं होतं.

जवळच्या ईस्टनला डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी राज्य. तिथे पक्ष न नोंदवलेला मतदार त्याच दिवशी केंद्रावर पक्ष सांगून प्राथमिक फेरीत मत देऊ शकतो. तेवढं तरी पुलाच्या अलीकडेही मिळायला हवं.