झावळ्यांचा पंचनामा

एखादं झाड थंडीने सरळ मरून गेलं तर माणूस हळहळतो, खड्डा उकरतो आणि नवीन रोप लावतो. पामसारखी झाडं ही सोय ठेवत नाहीत. ती मेली की जगली हे कळायलाच उन्हाळा उजाडावा लागतो. तोवर बागेच्या मालकिणीने काय करायचं? काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ करणं किती कष्टाचं आहे, ते ज्या घरात करवत आणि ती चालवायला आतुर नवरा असे दोन्ही असतील, तिथेच कळतं.

आमच्याकडे अशी तीन झाडं आहेत. दाराशी सायकस, कुंपणाजवळ कॉर्डिलाइन आणि मधोमध पंख्यासारख्या पानांचा पाम. येणारे-जाणारे तिघांनाही पामच समजतात. प्रत्यक्षात सायकस पामपेक्षा चीड-देवदारांना जवळचा. त्याला फुलं येतच नाहीत आणि त्याचं घराणं डायनासोरांच्याही आधीचं. कॉर्डिलाइन निघाली शतावरीच्या कुळातली. म्हणजे खरा पाम एकच, बाकी दोघं नुसती रूपाने त्याच्यावर गेलेली. अशी तीन घराण्यांची झाडं, पण करपायचं ठरलं तेव्हा एकाच रात्री, एकजुटीने करपली.

त्या रात्री आकाश निरभ्र होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती. “काय सुरेख चांदणं पडलंय!” हे अंगणात उभे राहून म्हणाले. ज्यांच्या घरात सायकस आहे त्यांनी अशा चांदण्याला सुरेख म्हणू नये. ढग असले की जमिनीची ऊब अडून राहते. नसले की ती सरळ आकाशात निघून जाते. उघड्यावरची पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. म्हणूनच डोक्याच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर शून्याच्या वर दोन-तीन अंश दाखवत असतो आणि खाली पानांवर दव गोठत असतं. “शून्याच्या खाली कुठे गेलंय?” असं हे मला सकाळी थर्मामीटर दाखवून विचारत होते. झाडांनी थर्मामीटर वाचलेला नव्हता.

सकाळी तो पांढरा साज इतका देखणा दिसत होता की ह्यांनी फोटो काढले. दुपारपर्यंत पानं काळपट, ओलसर आणि मलूल झाली, आणि आठवडाभरात तपकिरी. यातलं शास्त्र मोठं खवचट आहे. बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. थोडक्यात, पान बर्फाने वेढलेलं असतं आणि मरतं तहानेने.

मग निकाल लागायला सुरुवात झाली. शेजारच्या काकांनी कुंपणावरून एक नजर टाकली आणि “वहिनी, तिन्ही गेली,” असं सांगून ते चहाला निघून गेले. फोनवरून भावाने सांगितलं, “भरपूर खत घाल.” मुलीचं म्हणणं, रोज कोमट पाणी दे. आणि ह्यांनी करवतीला तेल दिलं.

यातला एकही सल्ला कामाचा नाही. मुळं गारठून स्वस्थ बसलेली असताना खत आणि पाणी ओतणं म्हणजे कुजायला आमंत्रण. आणि छाटणी तर मुळीच नाही, निदान थंडीचा शेवटचा झटका येऊन जाईपर्यंत. करपलेल्या झावळ्या वाईट दिसतात हे मला मान्य आहे, पण त्या मधल्या शेंड्यावर पांघरूण घालून असतात. शिवाय अर्धवट हिरवं पान अजून थोडंफार कमावतं, आणि घरात कमावणारे आधीच कमी झालेले असतात. हे सगळं मी ह्यांना समजावलं. ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, “म्हणजे नुसतं बघायचं?” हो, नुसतं बघायचं. “पण पाहुणे येतात!” पाहुण्यांनीही बघायचं.

बाकी सगळं एक वेळ ठीक, पण पामचा पोंगा माणसाला छळतो. नारळाच्या जातीच्या बहुतेक झाडांसारखा या पामलाही एकच शेंडा, एकच डोळा. तो गेला की झाड गेलं; त्याला फांदी फुटत नाही, दुसरी संधी नाही. आणि तो डोळा खोडात इतका खोल बसलेला की दिसत नाही. दिसतो तो फक्त मधला न उलगडलेला पोंगा. परीक्षा अशी की पोंगा चिमटीत धरून हलकेच वर ओढायचा. घट्ट असला तर आशा आहे. अलगद हातात आला तर आत कूज धरली आहे. ही परीक्षा एकदा घ्यायची असते. पण ज्या घरात प्रत्येक जण “बघू बघू” म्हणत ओढून बघतो, तिथे निरोगी पोंगाही किती दिवस तग धरणार? शेवटी मी झाडाला चिठ्ठी अडकवली : ‘ओढू नये.’ ती वाचायला काका कुंपण ओलांडून आत आले, वाचली आणि ओढून बघितलं.

पोंगा त्यांच्या हातात आला. बुंध्याशी तपकिरी, बुळबुळीत आणि असा दर्प, की काकांनी तो माझ्याकडे अदबीने सुपूर्द केला. “म्हटलं होतं ना,” एवढं मात्र म्हणाले.

पोंगा निघाला म्हणजे झाड मेलंच असं नाही, हे काकांना कोण सांगणार? डोळा त्याच्याही खाली असतो. मधल्या खळग्यातलं पाणी टिपून काढलं, ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतलं आणि पावसापासून आडोसा म्हणून वर पत्रा धरला. खाली बुटका पाम, वर पत्रा. लोकांना वाटलं, आम्ही कसलंसं बांधकाम काढलंय.

सायकसची तपासणी त्या मानाने सभ्य. खोडाचा माथा अंगठ्याने दाबायचा; टणक तर जिवंत, पिचपिचीत तर नाही. आमचा दगडासारखा टणक होता. एकही हिरवं पान नसलेला, तरी टणक. थंडी खरोखर सरल्यावर त्याची पानं कापायला घेतली आणि मला कळलं की सायकसचं पान मेल्यावर जास्त टोचतं. हातमोजे घातले होते, त्यांचा उपयोग एवढाच की काटा कुठून आला ते कळत नाही. कापलेलं सगळं वेचून टाकावं लागतं, कारण हे झाड विषारी आहे, बिया तर सर्वांत जास्त, आणि कुत्र्यांना नेमकं तेच चघळावंसं वाटतं.

कॉर्डिलाइनने मात्र ह्यांचं भाग्य उजळलं. तिचं खोड बोटाने दाबलं तर आत जात होतं. अशा वेळी कुजलेला भाग टणक लाकूड लागेपर्यंत कापत खाली यायचं असतं. मी परवानगी दिली. हे करवत घेऊन असे आले की जणू बोहल्यावर चढतायत. पहिल्याच कापात आतलं आंबलेलं पाणी ह्यांच्या शर्टावर उडालं. तो वास कपड्यांतून गेला की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. टणक लाकूड लागलं ते अगदी जमिनीलगत. तरी मुळापासून फुटव्यांचा घोसच्या घोस आला. आता त्यातले किती ठेवायचे याचा वाद चालू आहे. हे म्हणतात सगळे, मी म्हणते दोन-तीन.

सायकसने उन्हाळ्यात एकदम सगळी पानं काढली, तीही एकाच आठवड्यात, गुंडाळलेली, मऊ, लुसलुशीत. इतके दिवस बसून काय केलंत, असं विचारायची सोय नाही. पामनेही पान काढलं, पण ते आतल्या आत जखमी झालेलं असणार, कारण वर आलं ते टोकं नसलेलं, कात्रीने सरळ कापल्यासारखं, कडेला तपकिरी पट्टा. पुढची पानं नीट येतील. हे पान असंच राहणार.

परवा बागेची हौस असलेल्या एक बाई आल्या. त्या पानापुढे बराच वेळ थांबल्या. “ही जात मी कुठेच पाहिली नाही,” म्हणाल्या. “फांदी लावून येते का?” याला फांदीच नसते, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बी धरलं की पहिलं रोप आपल्यालाच द्यायचं, असं माझ्याकडून वदवून घेतलं.