‘बारा दिवसांचं रामायण’: एका प्रतिक्रियेला उत्तर

शिकागो कब्ज या अमेरिकी बेसबॉल क्लबने 2015मध्ये क्रिस ब्रायंट या खेळाडूला मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, बारा दिवस उशिरा का घेतलं, यावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना क्रिकेटवेडा’ या नावाने आलेली प्रतिक्रिया: “आयोवा डबल-ए म्हणे! गूगल करून अर्धवट लिहायचं आणि वर शहाणपण शिकवायचं. मायनरमध्ये चांगला खेळला की वर घेतात, आपल्या रणजीसारखं. बारा दिवस उशीर झाला तर एवढं रामायण कशाला? पहिल्या सामन्यात तर भोपळाच!”

कब्जच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघांपैकी आयोवाचा संघ ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी), टेनेसीचा डबल-ए (त्याच्या खालची). चूक माझी, दुरुस्त केली, आभार. पण चूक दाखवायचीही एक रीत असते हो. बारा वर्षं पहाटेचे गजर लावून सामने बघणाऱ्याला ‘गूगल करून’ म्हणताना जरा तरी विचार करायचा होता. असो.

“चांगला खेळला की वर घेतात.” बरं, मग हे सांगा. 2014 साली ब्रायंटने या दोन संघांत मिळून 43 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. 2015च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मोसमाआधीच्या सराव सामन्यांत, 9, म्हणजे सगळ्या खेळाडूंत सर्वाधिक. तरी कब्जने त्याला पुन्हा आयोवाला धाडलं. कारण काय दिलं, तर तिसऱ्या बेसवरचं क्षेत्ररक्षण अजून घोटायचंय. ते बारा दिवसांत घोटून झालं असावं, कारण 17 एप्रिलला तो शिकागोत हजर होता!

आता बोटांवर मोजा. मेजर लीगमध्ये सेवेचे, म्हणजे तिथल्या संघात असल्याचे, 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, हव्या त्या क्लबशी करार करायला. 2015चा मोसम 5 एप्रिल ते 4 ऑक्टोबर, म्हणजे 183 दिवस. 17 तारखेपासून एप्रिलचे 14, मे 31, जून 30, जुलै 31, ऑगस्ट 31, सप्टेंबर 30, ऑक्टोबरचे 4. बेरीज 171. एक दिवस आधी बोलावला असता तर 2020 नंतर सुटला असता. तो सुटला 2021 नंतर. एका दिवसात क्लबला अख्खं वर्ष मिळालं. त्याने तक्रार केली, 2020मध्ये लवादाने क्लबच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नियम मोडला असं मीही म्हणत नाही. नियमच तसा होता. पुढे क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022च्या करारात, रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिला-दुसरा येणाऱ्या नावाजलेल्या नवख्याला पूर्ण वर्षाची सेवा द्यायची तरतूद घातली. ती काय हौस म्हणून?

आणि रणजीची उपमा तर पार गंडलेली. रणजीत खेळाडू राज्य संघटनेकडून खेळतो आणि भारतीय संघ निवडते बोर्डाची समिती. इथे आयोवातल्या ब्रायंटचा करारही कब्जशीच, पगारही कब्जचाच आणि वर कधी घ्यायचं तेही कब्जच ठरवणार. ज्याचा खिसा त्याच्याच हातात घड्याळ.

राहता राहिला भोपळा. हो, चार वेळा बॅटिंगला आला, तीनदा स्ट्राइकआउट (चेंडू टोलवता न आल्याने बाद) झाला. त्याच वर्षी रूकी ऑफ द इयरही झाला. लेखात शेवटच्या परिच्छेदात आहे ते. तिथपर्यंत आला असतात तर दिसलं असतं.