साडूची स्कॉर्पिओ आणि माझी अल्टो

माझी अल्टो पंधरा दिवस गॅरेजला होती. 2011 ची, सिल्व्हर, डाव्या दाराला पोचा, मागचा बंपर टेपवर टिकलाय. साडू म्हणाला, मी गावाला चाललोय, तोपर्यंत माझी स्कॉर्पिओ वापर. काळी गाडी, काचांना काळी फिल्म (सुप्रीम कोर्टानं 2012 लाच बंदी घातलीय, पण साडूला कोण सांगणार), मागं राजमुद्रा, नंबर 4141 आणि प्लेटवर आकडे असे वळवलेत की दादा वाचलं पाहिजे. आमचा हा दादा बँकेत क्लार्क आहे आणि झुरळ दिसलं की पलंगावर चढतो. पण गाडीकडं बघून ते कळत नाही ना.

पहिल्याच दिवशी नळस्टॉपच्या सिग्नलला क्लच लवकर सुटला आणि गाडी बंद. हिरवा लागलेला, मागं रांग. सवयीनं खांदे आवळले, म्हणलं आता बसणार शिव्या. कुणीही हॉर्न मारला नाही हो! एक रिक्षावाला हळूच बाजूनं निघाला, जाताना आरशात बघितलं आणि मान खाली घालून पुढं गेला. पुण्यातला रिक्षावाला! याच सिग्नलला महिन्यापूर्वी अल्टो बंद पडली होती तेव्हा तीन सेकंदात मागून कोरस सुरू, आणि एक बुलेटवाला पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, "ओ काका, झोपायचं असेल तर घरी झोपा की." ड्रायव्हर तोच, चूक तीच, सिग्नलपण तोच.

मला वाटायचं हा आपल्याकडचाच प्रकार, पण अमेरिकेत कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी हेच करून बघितलंय, 1968 साली छापून आलंय. हिरवा लागल्यावर मुद्दाम गाडी हलवायची नाही आणि मागचा किती वेळात हॉर्न मारतो ते मोजायचं. एकदा नवी चकाचक क्रायस्लर, एकदा जुनी खटारा. खटाऱ्याला मागच्या 84 टक्के लोकांनी हॉर्न मारला, क्रायस्लरला 50 टक्के, आणि दोघांनी तर हॉर्न न मारता खटाऱ्याच्या बंपरला सरळ धडकच दिली. पण खरी गंमत पुढं आहे. कॉलेजच्या पोरांना नुसतं विचारलं की तुम्ही काय कराल, तर मुलगे म्हणाले आम्ही भारी गाडीलाच आधी हॉर्न मारू!! म्हणजे कट्ट्यावर चहा पिताना सगळे वाघ.

म्हणून "काय करणार, डोकंच फिरलं" हे मला आता पटत नाही. डोकं फिरलेल्या माणसाला पुढच्या गाडीचं मॉडेल, नंबर, मागचं रेडियम एवढं सगळं नीट कसं दिसतं? आपण आधी बघतो की आत कोण असेल, उतरला तर काय करेल, आणि मग ठरवतो आपल्याला राग आलाय का नाही. एल बोर्ड दिसला, चालवणारी बाई दिसली, ज्येष्ठ नागरिक लिहिलेलं दिसलं की राग एकदम अनावर होतो बघा.

आणि मी काय वेगळा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिंहगड रोडला राजाराम पुलापाशी एक आजोबा जुन्या मारुती 800 मधनं तिशीच्या स्पीडनं निवांत चाललेले, मी मागून डिपर मारतोय, हॉर्नवर हात, शेवटी डाव्या बाजूनं कट मारून पुढं गेलो. अल्टोत असतो तर गपचूप मागं राहिलो असतो. बायको शेजारी बसलेली, एवढंच म्हणाली, "अहो, गाडी साडूची आहे, अंगात पण तेच आलेत का?"

त्यावर एक अभ्यास 2008 चा आहे, कोलोरॅडोतला. गाडीवर जितके जास्त स्टिकर, सजावट, तितका चालवणारा रस्त्यावर जास्त तापतो, आणि स्टिकरवर काय लिहिलंय यानं फरक पडत नाही, शांततेचा संदेश असला तरी तेच. कारण काय, तर गाडी माझी म्हणजे पुढचा रस्ताही माझाच असं वाटायला लागतं. आपल्याकडं 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' असं लिहून हिंडणाऱ्यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आता स्कॉर्पिओ परत दिली. पहिल्याच दिवशी कर्वे पुतळ्यापाशी एका टेम्पोनं कट मारला आणि वर मलाच शिव्या. फार मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. घरी जाताना रेडियमवाल्याकडं थांबलो, म्हणलं मागच्या काचेला मोठा वाघ टाकायचा, किती घेणार?

त्यानं गाडीला एक चक्कर मारली, बंपरची टेप बोटानं दाबून बघितली आणि म्हणाला, "काका, वाघ बसेल हो, पण शोभणार नाही. आईची कृपा टाकतो, दीडशे द्या."