दोन वायरी जोडल्या म्हणजे फेलओव्हर झाला?

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणारं नेट जोडायच्या दोन खाचांचा, राउटर घ्या, एका पोर्टला फायबर आणि दुसऱ्याला मोबाइल राउटर जोडा, फायबर बंद पडलं की नेट आपोआप मोबाइलवर जातं (यालाच फेलओव्हर म्हणतात), कुणाला कळतही नाही. असा राउटर घ्यावा, हे मलाही पटतं. पण बाकीच्यावर विसंबून लोक ऐन परीक्षेत, ऐन मुलाखतीत अडकतात.

‘फायबर गेलं की राउटरला कळतं.’ राउटरला स्वतःहून कळतं ते इतकंच, की पोर्टात वायर आहे आणि पलीकडचं उपकरण चालू आहे. फायबर रस्त्यात तुटली तरी घरातला ओएनटी (फायबर ज्याला येऊन मिळतं तो डबा) चालूच असतो, त्यामुळे पोर्टावरचा दिवा जळत राहतो आणि राउटर निश्चिंत असतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारी जोडणी) असेल तर सेशन तुटल्यावर निदान थोड्या वेळाने कळतं; डीएचसीपीवर (लॉगिनशिवाय, आपोआप) मिळालेला पत्ता मात्र मुदत संपेपर्यंत तसाच राहू शकतो. आणि बिघाड कंपनीच्या गेटवेच्याही (राउटरला बाहेर पडताना लागणारं पहिलं दार) पुढे असेल, तर दोन्ही प्रकारांत सगळं आलबेल दिसतं.

म्हणून बाहेरच्या पत्त्यांना पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघून, तपासावं लागतं. मायक्रोटिक राउटरमधला चेक-गेटवे हा पर्याय नुसता लावला तर तो फक्त गेटवेलाच विचारतो, म्हणजे शेजाऱ्याला विचारून गावाची खबर घेण्यासारखं. १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे निदान दोन पत्ते ठेवावेत, एकच ठेवला तर तो गप्प बसल्यावर चांगलं फायबरही मेलेलं ठरतं. आणि हे बहुतेक सल्ल्यांत राहूनच जातं: फायबरची तपासणी करणारं पिंग फायबरवरूनच गेलं पाहिजे. तसं बांधून दिलं नाही, तर नेट मोबाइलवर गेल्यावर तेच पिंग मोबाइलवरून उत्तर आणतं, राउटरला वाटतं फायबर परतलं, तो तिकडे उडी मारतो आणि पुन्हा आपटतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरवरचं एमवॅन३ हे पॅकेज प्रत्येक वॅनची तपासणी त्याच वॅनवरून करतं. इतरत्र त्या पत्त्यांसाठी वेगळा रूट (ठरवून दिलेली वाट) द्यावा लागतो.

‘कुणाला कळतही नाही.’ कळतं. वाट बदलली की बाहेर दिसणारा आयपी पत्ता बदलतो आणि टीसीपी, म्हणजे नेटवरची नेहमीची सलग जोडणी, तर दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरच उभी असते. चालू डाउनलोड, रिमोट लॉगिन तुटतात. व्हीपीएन बहुधा नव्याने जोडावं लागतं. वेबपानं वाचणाऱ्याला फारसं जाणवणार नाही, पण व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठतो. इंटरनेट फोनचं दुखणं तर वेगळंच: राउटरच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये (चालू जोडण्यांच्या नोंदवहीत) जुनी नोंद जिवंत राहिली, तर फोनवरचं बोलणं मेलेल्या वाटेवरच जात राहतं. वाट बदलताना त्या नोंदी पुसाव्या लागतात.

‘बाहेरून कॅमेरा बघता येईलच.’ मोबाइल कंपन्या ग्राहकांना बहुधा सीजीनॅटमागे ठेवतात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेकांत वाटतात; वॅनवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या कॅमेऱ्याकडे वळवण्याची) आशा सोडा. मोबाइल राउटर मध्ये असला की वॅनवर त्याचाच खासगी पत्ता दिसतो, तेव्हा हे त्याच्या स्टेटस पानावर बघा. तो आणि मुख्य राउटर दोघंही १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर असतील, तर आधी एकाची पत्त्यांची रेंज बदला.

डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) फायबर कंपनीचा ठेवू नका. तो दुसऱ्या नेटवर्कवरून आलेल्यांना उत्तर देईलच असं नाही.

राहिली चाचणी. वॅनची वायर उपटून ‘बघा, चाललं’ म्हणणारे राउटरला सोपा पेपर देतात. ओएनटीला वीज तशीच ठेवून फायबरचा कनेक्टर हलकेच काढा (त्याच्या टोकात डोकावू नका), कॉल चालू ठेवा आणि किती सेकंद जातात ते मोजा. मग कनेक्टर परत लावा आणि दहा मिनिटं बघत राहा: फायबर स्थिर झाल्यावर राउटर एकदाच परततो, की दोन्हींमध्ये हेलपाटे घालतो?