कमी आकडा म्हणजे कमी आजार नव्हे

बीड-उस्मानाबादेत (उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव) कर्करोगाचे प्रमाण देशातल्या कर्करोग नोंदवह्यांमध्ये सर्वांत कमी असल्याचे श्रेय ‘आमच्याकडे कर्करोग नाही’ या मथळ्याच्या तुमच्या लेखात तिथल्या साध्या ग्रामीण राहणीला दिले आहे, ते मला पटले नाही. २०१२ ते २०१६ या काळासाठी वयोमान समायोजित करून (म्हणजे लोकसंख्येच्या वयातला फरक बाजूला काढून) काढलेला पुरुषांचा दर मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४, तर बीड-उस्मानाबादेत ३९.५ आहे, आणि ऐझॉलच्या दरामागे तंबाखूचा मोठा वाटा आहे हेही खरे; परंतु निदान झालेला रुग्णच कर्करोगाच्या नोंदवहीत, म्हणजे ज्या नोंदींवरून हे दर काढतात त्यांत, येतो, हे लेखात कुठेच आलेले नाही.

माझी मावशी बीड जिल्ह्यातली. अंगावर जाते म्हणून ती वर्षभर गावातच औषधे घेत राहिली, आणि शेवटी मुंबईत परळला आमच्या घरी आली तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच पसरला होता. केसपेपरवर पत्ता कोणता लिहायचा असे विचारल्यावर, पत्रे वेळेवर मिळावीत म्हणून, मीच आमच्या चाळीचा पत्ता सांगितला. नोंद नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणावर व्हायला हवी, हे मला फार उशिरा कळले; म्हणजे मावशीची नोंद बीडऐवजी मुंबईच्या आकड्यात गेली असावी. शिवाय एकूण दर कमी असला तरी सगळेच कर्करोग कमी असतात असे नाही: मुंबईत स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग आघाडीवर असताना बार्शीच्या ग्रामीण नोंदवहीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचाच वरचढ राहिला, आणि तो तपासणीने वेळेत सापडू शकतो. ‘आमच्याकडे कर्करोग नाही’ असे वाचून गावातली एक जरी बाई तपासणी टाळणार असेल, तर हा मथळा बदलावा, ही कळकळीची विनंती.