कोर्टाची बातमी सोवळ्यात कशी ठेवावी

तुम्हाला कोर्ट बीट मिळाली, म्हणजे कोर्टाच्या बातम्या तुमच्याकडे आल्या, अभिनंदन. राजकीय बीटवर बातमी चुकली तर नेत्याच्या पीएचा फोन येतो. इथे चुकली तर अवमानाची नोटीस येईल, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी तुम्हाला सांगेल. न्यायालय अवमान कायदा १९७१ चा आहे आणि निकालावरची रास्त टीका हा अवमान नव्हे, असं त्याच्या कलम ५ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. ते कलम वाचू नका. वाचलंत तर निदान डेस्कवर बोलू नका, सगळ्यांचीच पंचाईत होते.

सुरुवात कर्त्यापासून करा. बातमीचा कर्ता कायम एकच: ‘न्यायालय’. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची ३४ पदं मंजूर आहेत, ते दोघा-तिघांच्या पीठांत बसतात आणि कोणतं प्रकरण कोणत्या पीठापुढे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात. हा तपशील वाचकाच्या हाती लागला, तर प्रकरण याच पीठाकडे का गेलं असं तो विचारू लागेल. १२ जानेवारी २०१८ ला चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी हिरवळीवर पत्रकार परिषद घेऊन नेमकं हेच विचारलं होतं. त्या प्रसंगाला ‘अभूतपूर्व’ हे विशेषण लावून ठेवा. अभूतपूर्व म्हटलं की पुन्हा त्याकडे बघावं लागत नाही. त्या चौघांपैकी रंजन गोगोई त्याच वर्षी सरन्यायाधीश झाले आणि प्रकरणांचं वाटप त्यांच्याच हाती आलं, ही आठवण करून देण्याचं तर कारणच नाही.

आता रोजची मजुरी. कोर्ट साडेदहाला बसतं. दुपारच्या आत एखादे न्यायमूर्ती सरकारी वकिलाला काहीतरी झोंबणारं बोलतात. तेवढं उचला. क्रियापदं तयार ठेवा: झापले, फटकारले, खडसावले, कान टोचले, खडे बोल सुनावले. फारच सौम्य बोलले असतील तर ‘सवाल केला’. बोललेलं आदेशात येत नाही आणि त्याला कायद्याने काडीची किंमत नसते, पण मथळ्याला असते. संध्याकाळी सहीचा आदेश संकेतस्थळावर येतो. त्यात बहुधा दोन ओळी असतात: उत्तर दाखल करण्यास चार आठवडे, त्यानंतर प्रकरण यादीवर घ्यावे. ही पीडीएफ उघडू नका. वाचकाला कोर्ट सरकारवर तुटून पडल्याचं समाधान मिळालं, सरकारला महिना मिळाला, तुम्हाला बायलाइन, म्हणजे बातमीवर नाव, मिळाली. या व्यवहारात कोणाचंच नुकसान नाही. अर्जदार असेल तर असो.

खरी कसोटी मात्र तारखेची. निकालाची बातमी कोणीही लिहील. न लागलेल्या निकालाची बातमी होऊ न देणं हे कसब आहे. ‘सुनावणी लांबणीवर पडली’ असंच लिहायचं. कोणी लांबवली नाही, ती आपली आपणच पडली. सरावासाठी शिवसेनेचं प्रकरण घ्या, आपल्याकडे याहून चांगला धडा नाही.

विधानसभेच्या उपाध्यक्षांनी बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीवर २७ जून २०२२ च्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर मागितलं होतं. त्याच दिवशी सुट्टीकालीन पीठाने मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. दोनच दिवसांनी, २९ जूनच्या रात्री, दुसऱ्या दिवसाची बहुमत चाचणी रोखायला न्यायालयाने नकार दिला; चाचणी याचिकांच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील एवढं आदेशात घातलं. उद्धव ठाकरेंनी त्याच रात्री राजीनामा दिला, ३० जूनला एकनाथ शिंदेंनी शपथ घेतली. मग ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांनी चाचणी बोलावली ते चूक, भरत गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही.

या जागी नवखा वार्ताहर घसरतो. तो २९ जूनचा आदेश आणि ११ मेचा निकाल एका परिच्छेदात घालतो. हे कटाक्षाने टाळा. निकालाच्या दिवशी ‘राज्यपालांवर ताशेरे’ हा मथळा आणि खाली दोन्ही गटांचे पेढे, एवढं पुरे. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी ‘वाजवी कालावधीत’ घ्यावा असंही घटनापीठाने म्हटलं होतं. पुढे न्यायालयाला ३१ डिसेंबरची मुदत घालावी लागली, तीही दहा दिवसांनी वाढली आणि १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी एकालाही अपात्र ठरवलं नाही. त्याविरुद्धची याचिका प्रलंबित असतानाच नोव्हेंबरात निवडणूक होऊन ती विधानसभाच संपली. या टप्प्यावर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने’ हे शब्द वापरावेत. त्यांच्यापुढे काहीही लिहिता येतं आणि काहीच लिहावं लागत नाही.

न्यायालयाच्या वेगाचं कौतुक करायला हरकत नाही, फक्त दोन वेग शेजारी छापू नका. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला, शुक्रवारी, माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यात प्रा. जी. एन. साईबाबा यांना निर्दोष ठरवलं. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाचं खास पीठ बसलं आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. एक दिवस. राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याचे निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले, घटनाबाह्य ठरले १५ फेब्रुवारी २०२४ ला. सहा वर्षं. रोख्यांच्या निकालाला ‘ऐतिहासिक’ म्हणा, तो होताच. मधल्या काळात रोख्यांच्या पैशावर किती निवडणुका झाल्या हे मोजत बसू नका. असे सरकारविरोधी निकाल जपून ठेवा, कोणी शंका काढली की दाखवायला लागतात. (साईबाबांना ५ मार्च २०२४ ला त्याच खंडपीठाने पुन्हा निर्दोष सोडलं आणि ऑक्टोबरात ते वारले. ही बातमी श्रद्धांजलीच्या सदरात गेली तर उत्तम.)

निवृत्तांकडे येऊ. गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०२० मध्ये राष्ट्रपतीनियुक्त खासदार. न्या. अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला निवृत्त, १२ फेब्रुवारीला आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून नाव जाहीर. याला ‘नियुक्त्या’ या चौकटीत चार ओळी. कोणी ओरडलंच तर लगेच बहरुल इस्लाम काढा: काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९७२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात, १९८३ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत. चर्चेच्या कार्यक्रमात दोन पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ही नावं फेकतील आणि वेळ संपेल. ती सगळी नावं एका तक्त्यात एकाखाली एक मात्र मांडू नका. भांडणाऐवजी रीत दिसायला लागते.

आणीबाणीची पुरवणी काढाल तेव्हा न्या. एच. आर. खन्ना यांचा मोठा फोटो हवा. आणीबाणीत अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येत नाही, असं सांगणाऱ्या १९७६ च्या निकालात नागरिकाच्या बाजूने उभे राहिलेले ते एकटे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून एम. एच. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. उरलेले चौघे, म्हणजे रे, बेग, यशवंत चंद्रचूड आणि भगवती, सरन्यायाधीश होते किंवा पुढे झाले. त्यांच्यासाठी जागा उरत नाही.

शेवटी एक पानरचनेचा मुद्दा, कारण यात अनुभवी माणसंही गोंधळतात. ११ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घरी गणपतीच्या आरतीला गेले, डोक्यावर आपली मराठी टोपी घालून, आणि फोटो स्वतःच प्रसिद्ध केले. असा फोटो पहिल्या पानावर रंगीत घ्यावा, ओळ ‘आरतीत तल्लीन’. त्याच पानावर सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित प्रकरणांची यादी लागलेली असेल, तर ऐनवेळी सराफाची जाहिरात आली म्हणून ती काढावी लागली असं डेस्कला सांगा. गणपतीत जाहिराती येतातच.