गिझर पाच वर्षांनी बदलायलाच हवा? नाही

थंडीची चाहूल लागली की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गिझरचं आयुष्य पाच वर्षं, त्यानंतर तो बाथरूममधला बॉम्ब. आवाज यायला लागला म्हणजे टाकी फुटायच्या बेतात आहे. थेंब गळू लागले की गिझर गेला. जुना गिझर दुप्पट वीज खातो, फाइव्ह स्टार घ्या, वर्षात पैसे वसूल. आणि गॅस गिझरला यातली कुठलीच भीती नाही.

हे वाचून लोक धडधाकट गिझर भंगारात काढतात. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी दोन वर्षांपूर्वी नवा घेतला, ते आपल्याला काही धोका नाही असं समजून निर्धास्त राहतात.

पाच वर्षांचा आकडा बहुधा टाकीच्या वॉरंटीवरून आला असावा. वॉरंटी म्हणजे कंपनी किती काळ खर्च सोसणार याची हमी. वस्तू त्या दिवशी संपते असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. बऱ्याच गिझरची टाकी साध्या पोलादाची असते आणि आतून तिला काचेसारख्या इनॅमलचा थर असतो. या थरात कुठे ना कुठे बारीक छिद्र राहतंच. तिथे पोलाद गंजू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची कांडी सोडलेली असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं, म्हणून रॉड शिल्लक आहे तोवर टाकी टिकते. तो संपला की टाकीची पाळी.

म्हणजे गिझरचं वय ठरतं ते पाण्यावर आणि त्या रॉडवर. मुंबईला भातसा-वैतरणाचं आणि पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं, त्यात क्षार कमी. बेसॉल्टच्या काळ्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवरच चालतात. एकाच मॉडेलचा गिझर धरणाच्या पाण्यावर दहा-बारा वर्षं सहज काढतो आणि बोअरच्या पाण्यावर चार-पाच वर्षांत गळू लागतो. मग सगळ्यांना एकच तारीख कशी लावणार? बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी आणि धरणाचं असेल तर दोन वर्षांनी रॉड काढून पाहायला सांगा. झिजून आतली तार दिसू लागली असेल तर नवा बसवा. नव्या गिझरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. मेकॅनिक ‘काही गरज नाही’ म्हणाला तरी आग्रह धरा, कारण बहुतेक घरांत हा रॉड गिझर बसवल्यापासून कुणी पाहिलेलाच नसतो.

आता आवाज. पाणी तापलं की त्यातले क्षार सुटून कॉइलवर थर धरतात. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे फुटतात, तीच ती कडकड. टाकी साफ करून घ्यायची वेळ झाली, एवढाच तिचा अर्थ. पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट ७५ अंशांवरून ६० वर आणला तरी क्षार धरण्याचा वेग घटतो. दुर्लक्ष केलं तर कॉइल प्रमाणाबाहेर तापून तिचं आवरण चिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. इथला खरा धोका शॉकचा आहे. त्यासाठी नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवी. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, म्हणून प्लग १६ अँपिअरचाच. हे सगळं नव्या गिझरलाही तितकंच लागू आहे.

टाकी फुटते ती वयामुळे नाही. त्यासाठी थर्मोस्टॅट अडकावा लागतो, त्याच्यामागे असलेला, पाणी फार तापलं की वीज तोडणारा थर्मल कटआउट निकामी व्हावा लागतो आणि जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद पडावा लागतो. पहिले दोन बिघडले तरी तिसरा जीव वाचवतो. आणि नेमका त्याच्यावरच मेसेजमधला पुढचा मुद्दा घाव घालतो.

‘थेंब गळतात म्हणजे गिझर गेला.’ पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे १.४ टक्के फुगतं. १५ लिटरच्या टाकीत हे २०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पेलाभर. ते थंड पाण्याच्या पाइपात मागे जाऊ शकलं नाही तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतं, आणि पडायलाच हवं. ही गळती थांबवायला कुणी व्हॉल्व्हच्या तोंडात बूच ठोकतं, कुणी एम-सील लावतं. कृपा करून हे कधीही करू नका. पाणी तापत नसतानाही धार चालू असेल तर व्हॉल्व्ह बदला, आणि उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाबही तपासून घ्या. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो. कॉइल जिथे टाकीला बोल्टने बसवलेली असते त्या फ्लँजपाशी ओल असेल तर तिथलं रबरी गॅस्केट बदलून भागतं. टाकीच्याच अंगातून किंवा जोडातून पाणी येत असेल आणि फक्त गरम नळाला तांबूस पाणी असेल, तर गिझर बदलायची वेळ आली. इनॅमलच्या टाकीला वेल्डिंग करून उपयोग नाही, त्या उष्णतेने आतला थरच उडतो.

विजेचं गणित तर कुणीही करून पाहावं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट लागतं, गिझर जुना असो वा नवा. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता जाणार कुठे? क्षारांनी कॉइलचं आयुष्य कमी होतं, बिल दुप्पट होत नाही. स्टार मोजतात ते तापलेलं पाणी २४ तास ठेवल्यावर टाकीच्या भिंतींतून किती उष्णता वाया जाते ते. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घराला त्याचा फायदा आहे. सकाळी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याची बचत इतकी थोडी की वर्षात किंमत वसूल होणं अशक्य.

शेवटी गॅस गिझर, आणि इथे मेसेज जिवावर उठणारा आहे. बंद बाथरूममध्ये ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला ग्लानी येते आणि कडी उघडण्याचंही भान राहत नाही. कालच आणलेल्या गिझरनेही हे होऊ शकतं. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या. आज तो आत असेल तर बाहेर हलवेपर्यंत त्यावर आंघोळ करू नका.